उलटलेले दुखणे

एका जंगलात एक काटेरी साळू राहत असे आणि तिला गाठ मारता येत नसे. तुम्ही म्हणाल, साळूला गाठ मारता आली नाही तर बिघडले कुठे? पण त्या जंगलात बिघडत होते. जंगलाच्या मधोमध एक खोल घळ होती आणि तिच्यावर वेलींचा नि बांबूंचा एक झुलता पूल होता. तो कोण्या राजाने बांधलेला नव्हता. ज्याला जमेल त्याने यावे, एक गाठ मारावी आणि आपल्या झाडाचे एक पान काठावरच्या माळेत ओवून जावे, अशी तिथली रीत होती. माळेत आपले पान असणे हा मोठा मान. सुगरण पक्ष्यांची पाने होती, वानरांची होती, शेकरूची होती. इतकेच काय, आळशी म्हणून नावाजलेल्या अस्वलाचेही एक होते. साळूचे तेवढे नव्हते. ती पुलाजवळ आली की सगळे म्हणत, "साळूताई, जरा लांबूनच. तुझे काटे वेलीत अडकतात." मग ती आपली लांबूनच बघत बसे. तिला वाईट वाटे, पण सांगणार कोणाला?

पूल सगळ्यांचा, तशी गाऱ्हाणीही सगळ्यांची. पुलावर काही खुपले की पळसाच्या पानावर नखाने ओरखडून लिहायचे आणि ते पान वडाच्या बुंध्याशी टाकून द्यायचे. त्या वर्षी उन्हाळा असा तापला की अलीकडचे पाणवठे आटून गेले. जो तो पलीकडच्या डोहाकडे जाऊ लागला आणि वडाखालचा पानांचा ढीग वानराच्या कमरेपर्यंत चढला. गवा तर रोज येई. "पूल खराब आहे," एवढेच लिही आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असा डुरकून जाई. तो डुरकला की सुगरणी आणि वानरे धावत सुटत आणि त्याने जिथे खूर आपटला असेल तिथे एक गाठ मारून येत. ढिगातले पान उचलून वाचायला कोणालाच सवड नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार. सात सुगरणी आणि भाजी अळणी म्हणतात. इथे तर सुगरणी चाळीस होत्या.

आणि एके दिवशी सकाळी रानडुकराचे पिल्लू पुलावरून घसरले. आईने शेपटी धरली म्हणून वाचले. पूल डावीकडे कलत होता. का कलतो, ते मात्र कोणालाच सांगता येईना.

दुपारी म्हाताऱ्या वानराने वडाखाली सभा भरवली. "हा पूल आजच तोडायचा," तो म्हणाला. "कुणाचा जीव जायच्या आत तोडलेला बरा. पावसाळा सरला की नवा बांधू."

चितळांची म्होरकी पुढे आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा कळप पलीकडे जायचा होता. "आजोबा, अलीकडे आता नुसता चिखल उरलाय," ती म्हणाली. "पाऊस पडेस्तोवर माझी नऊ पाडसं काय चाटतील?"

"आणि घळीत पडली म्हणजे?" वानराने विचारले.

दोघांचेही खरे होते.

इतक्या जणांपुढे साळू कधी बोललीच नव्हती. तरी ती पुढे सरकली आणि म्हणाली, "आजोबा, मावळतीपर्यंत थांबा. मी हा ढीग वाचते."

फांदीवरची एक सुगरण फिस्सकन हसली. साऱ्या रानात तिच्यासारखी गाठ कोणाची नव्हती आणि ही गोष्ट तिला चांगलीच ठाऊक होती. "गाठ मारता येत नाही म्हणून आता पानं वाचणार का? वाचून कधी पूल सरळ झालाय, साळूताई?"

"वाचू दे तिला," वानर म्हणाला. "मावळतीला वेल तोडू."

साळूने अंग असे झाडले की दहा-बारा काटे गळून पडले. ते तिने शेजारच्या जुन्या वारुळात रोवले आणि एकेक पान वाचून काट्यावर टोचायला सुरुवात केली. "पलीकडची बोरं आंबट आहेत." याचा पुलाशी काय संबंध? ते बाजूला. "घुबड टक लावून बघतं." तेही बाजूला. "पुलाच्या मधोमध मधाचं पोळं असावं." हे अस्वलाचे. ही मागणी झाली, बिघाड नव्हे. तिला वेगळा काटा. गव्याची सत्तावीस पाने निघाली. ती सगळी तिने एकाच काट्यावर टोचली, कारण गाऱ्हाणे एकच होते, ओरडणे तेवढे सत्तावीस वेळा. ढीग वितळू लागला तसा साळूला हुरूप चढला. बघायला आलेली वानरे आता हसायची थांबून पाने पुढे करू लागली.

शेवटी कलण्याची पाने तेवढी उरली. "पूल कलतो." "फार कलतो." "कलतो, काहीतरी करा." यातून कळणार तरी काय? साळू थबकली. तिला आपले गेल्या वर्षीचे दुखणे आठवले. ताप उतरला होता आणि चार दिवसांनी उलटला होता. तेव्हा जाणत्या धनेश पक्ष्याने "काय होतंय?" असे विचारलेच नव्हते. त्याने विचारले होते, "मधे बरं होतं ना? मग बरं होतं तेव्हापासून आजपर्यंत काय काय केलंस?" आणि ओढ्यात डुंबल्याचे तिला कबूल करावे लागले होते.

"हे उलटलेलं दुखणं आहे," साळू पुटपुटली आणि भराभर पाने उपसू लागली. अगदी तळाशी तिला एक चिमुकले पान सापडले. ते पिसोरीचे होते. पिसोरी म्हणजे सशाएवढे हरीण. तिचा आवाज कोणाच्या कानापर्यंत जाणार? पण पानावर नेटके लिहिले होते: "पौर्णिमेला गेले, पूल सरळ होता. नवमीला गेले, मधल्या बांबूपासून डावीकडे कलला."

साळू धावतच माळेकडे गेली. साळूला धावताना त्या रानाने पहिल्यांदाच पाहिले. "आजोबा, पौर्णिमेपासून नवमीपर्यंत माळेत किती पानं ओवली?"

वानराने माळ चाचपली. कोणते पान कधी ओवले ते त्याला पाठ होते. "सोळा."

"म्हणजे सोळांतली एक गाठ. आठवं पान ओवलं, त्यानंतर लगेच पलीकडे कोण गेलं होतं?"

"मी," मुंगूस म्हणाले. "तेव्हा सरळ होता."

"मग पहिली आठ सुटली. बाराव्यानंतर?"

"मी गेलो होतो," मोर म्हणाला. "कलत होता. माझा पिसारा घासला."

सभा उठून माळेभोवती गोळा झाली. सूर्य डोंगराला टेकायला आला होता, पण तोडायच्या वेलीकडे आता कोणी बघत नव्हते.

"दहाव्यानंतर?"

"सरळ," ससा ओरडला. त्याला स्वतःलाच इतका आनंद झाला की तो जागच्या जागी उडाला.

"आणि अकराव्यानंतर?"

घोरपड सावकाश पुढे आली. तिचे सगळेच सावकाश. "कलला होता," ती म्हणाली.

अकरावे पान बाभळीचे होते. बाभळीवर सुगरणींची वसाहत होती, हे सगळ्यांना माहीत होते. माना फांदीकडे वळू लागल्या.

साळूने चटकन म्हटले, "पान कुणाचं ते मी विचारत नाही. गाठ कुठे मारली, एवढंच कळायला हवं."

मग ती हसलेली सुगरण खाली उतरली. "पान माझं आहे," ती म्हणाली. "गव्याच्या पायाखाली खडखड होत होती, म्हणून डावी वेल मधल्या बांबूशी आवळून टाकली. गाठ चांगलीच बसली होती गं."

गाठ खरेच चांगली बसली होती, आणि तिथेच सगळे चुकले होते. डावी वेल आखूड झाली होती आणि पूल तिकडे ओढला जात होता. सुगरणीने उडत जाऊन चोचीने गाठ सोडवली. पूल एकदा हिंदकळला आणि सरळ झाला. पण वेलीच्या टोकापाशी जाऊन ती ओरडली, "इकडे या लवकर." ताणलेली वेल काठच्या खडकावर घासून झिजली होती आणि तिच्या सात पदरांतले तीनच शिल्लक होते. एवढ्या गाठी पडल्या, पण त्या जागेकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. अंधार पडायच्या आत वानरांनी तिथे नवी वेल गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चितळांचा कळप निघाला. साळू काठावर बसून पाडसे मोजत होती. आठ गेली. नववे मधल्या बांबूवर थांबले. बांबू खडखडला तसे त्याने खाली घळीत पाहिले. मग पाडसाने शेपटी उडवली आणि ते उड्या मारत पलीकडे गेले. साळूला इतका आनंद झाला की तिचे सगळे काटे एकदम फुलले आणि शेजारचा ससा दोन हात मागे सरला.

तेवढ्यात गवा पान घेऊन आला. "पूल खडखडतो," तो डुरकला.

"आधीही खडखडायचा का?" साळूने विचारले.

गव्याने बराच विचार केला. "हो, पहिल्यापासूनच."

"मग कुणी पडणार नाही," साळू म्हणाली आणि ते पान तिने सत्तावीस पानांच्या काट्यावर टोचले.

एक काम अजून राहिले होते. दुरुस्ती झाली की माळेत पान ओवायची रीत होती. वानराने बाभळीचे पान पुढे केले, पण सुगरणीने ते घेतले नाही. "हे पान साळूताईचं," ती म्हणाली.

"मी बिळात राहते. मला झाड कुठलं?" साळू म्हणाली. "आणि मी तर गाठही मारली नाही."

सुगरणीने वारुळातला एक काटा उपसला आणि पानांच्या मधोमध तो आपल्या हाताने, म्हणजे चोचीने, माळेत ओवला. "आता चल," ती म्हणाली, "जवळून पूल बघ. काटे अडकले तर मी सोडवीन."

तात्पर्य : गाऱ्हाणे किती मोठ्याने केले ते मोजू नये, ते कधीपासूनचे आहे ते विचारावे. नेमके सांगणारा आणि सांगितलेले नीट लावून ठेवणारा, हे दोघेही गाठ मारणाऱ्याइतकेच कामाचे असतात.