दाराशी खोकणारा अमात्य

'त्यांना एकदा तरी विचारले का?' बोधिसत्त्वाने भर सभेत विचारलेला हा प्रश्न त्याच्या जिवावर बेतला.

पूर्वी कुसुमपट्टणात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्या नगरीतली काही कुटुंबे समुद्रापलीकडच्या बेटावर जाऊन वसली होती. त्यांच्या दारांना नुसत्या चटया असत. पाहुण्याने उंबऱ्याशी खोकावे आणि आतून 'ये' आले की मगच आत जावे, अशी तिथली रीत होती.

पुढे राजाने बेटावरच्या लोकांसाठी आज्ञा काढल्या. सुपारी फक्त राजाच्या गलबतांना विकायची. शिपायांना घरात ठेवून घ्यायचे. सभेत बेटावरचा एकही माणूस नव्हता. शिपाई न खोकता आत शिरू लागले. तेव्हा लोकांनी फळ्यांची दारे बसवली आणि आतून अडसर घातले. हेरांनी कळवले, 'दारामागे बंडाची मसलत चालते.' राजाने बोधिसत्त्वाला पाठवले. अडसर निघाले नाहीत तर वस्ती जाळायची होती.

पहिल्याच दाराशी बोधिसत्त्व खोकला.

"पडसं झालंय वाटतं. आलं चावा," आतून रेवा म्हातारी म्हणाली. दार उघडले नाही.

सोबत त्याचा धाकटा भाऊ नंदक होता, तापट शिपाई. "दादा, एका लाथेचं काम आहे."

"आणि आत जाऊन तिला काय विचारशील?"

नंदकाने उचललेला पाय खाली ठेवला. ऊन कलेपर्यंत बोधिसत्त्व उंबऱ्याशी बसून राहिला. शेवटी आतून आले, "ये."

रेवाने पाणी दिले, पण आधी स्वतः घोट घेतला. "विष नाही. विचारलं असतंत तर शिपायांना अंगणसुद्धा दिलं असतं."

त्याच दिवशी त्याने शिपायांना किनाऱ्यावर तळ द्यायला लावला. अडसर एकेक करून निघू लागले. हेरांनी तेही कळवले.

"अमात्य फितला," राजा म्हणाला आणि त्याने त्याला परत बोलावले. 'त्यांना एकदा तरी विचारले का?' हा प्रश्न बोधिसत्त्वाने तेव्हाच विचारला. राजाने त्याचा वध ठरवला आणि वस्ती जाळण्याच्या हुकुमासाठी त्याच्या बोटातली मुद्रा मागितली. तिच्यावाचून समुद्रापार हुकूम चालत नसे. बोट रिकामे होते. नवी मुद्रा घडेपर्यंत समुद्र खवळला आणि गलबते निघालीच नाहीत. बोधिसत्त्वाचा वध झाला, पण वस्ती वाचली. बेटाने मात्र त्या राजाला पुन्हा कधी मानले नाही.

ही पूर्वजन्माची कथा संपवून शास्ता भगवान भिक्षूंना म्हणाले, "राजा तो आज संघात संशय पेरणारा कटुक. रेवा ती उपासिका सोमा. नंदक तो हा भद्रिल, त्या मरणाचे नुसते ऐकून रडतो आहे. अमात्य तो मी." ही मैत्रीची पारमिता, म्हणजे मैत्रीभावाची परिपूर्णता.

बेटावरून परतताना भर समुद्रात नंदक म्हणाला होता, "दादा, तुझ्या बोटातलं काहीतरी पाण्यात पडलं."

"पडू दे," बोधिसत्त्व म्हणाला आणि त्याने मूठ मिटली.