पाणवठ्यावरची तहकूब सुनावणी

एका जंगलात एक शाळा भरत असे. नदीच्या वळणावर जांभळाचे जुने झाड होते, त्याच्या सावलीत. शिकवायला एक वयस्कर हत्तीण; तिला सगळे 'बाई' म्हणत. बाईंनी साठ उन्हाळे पाहिले होते. कोणत्या साली कुठल्या ओढ्याला शेवटचे पाणी राहिले, हे त्या झोपेतून उठवले तरी सांगत. त्या शिकवीत न्याय आणि कारभार. उद्या ज्यांना जंगलातले तंटे मिटवायचे, चार जणांना सोबत घेऊन चालायचे, त्यांची ही शाळा. मुलांनो, अशा शाळेत विद्यार्थी मोजकेच असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत असते की आपण तेवढे कामाचे, बाकीचे नुसते सावलीसाठी आले आहेत.

त्या वर्षी तिघे होते. मोर, माकड आणि कोल्हा. मोराचे भाषण असे की ऐकणारा चरायचे विसरून जाई. माकडाची ओळख सगळीकडे. कुणाच्या घरी काय शिजते आहे ते त्या घराच्या आधी त्याला कळे. आणि कोल्ह्याला जंगलाचे एकशे बारा नियम पाठ होते, पोटनियमांसकट. एकदा त्याची आई म्हणाली, "जा रे, चार बोरं वेचून आण." तर हा म्हणतो, "नियम सत्तेचाळीसप्रमाणे दुसऱ्याच्या हद्दीतल्या बोरीखाली पडलेली फळं..." आईने पुढचे ऐकले नाही, ती स्वतःच उठली आणि बोरे घेऊन आली. पण मनातून ती खूश होती. टेकडीवरच्या झाडून सगळ्या कोल्ह्यांना तिने सांगून टाकले होते, "यंदा आमचा पोरगा पाणवठ्याचा कारभारी होणार, बघा!"

आता हे कारभारीपण काय होते ते सांगतो. उन्हाळ्यात ओढे आटत आणि त्या जंगलात एकच डोह उरे. मग पाळी लागे. सकाळी पंखवाले आणि बारकी मंडळी, दुपारी खुरवाले, आणि सूर्य टेकडीला टेकला की नखवाले. सगळ्यात आधी वाघ, मग बिबट्या आणि तरस. दुपारची पाळी लांबली आणि खुरवाले व नखवाले एकाच वेळी काठावर आले, तर काय होईल ते मी वेगळे सांगायला नको. ती पाळी सांभाळणारा तो कारभारी. जुना कारभारी, एक सांबर, गुडघ्यांनी थकला होता. नवा बाई निवडणार होत्या.

"पाठांतर मी वर्षभर ऐकलं," बाई म्हणाल्या. "आता एकेकानं एकेक दिवस पाणवठा सांभाळायचा. बाकीच्या दोघांनी काठावर बसून बघायचं. मी तोंड उघडणार नाही."

पहिला दिवस मोराचा. त्याने दगडावर चढून, पिसारा फुलवून पाण्याच्या महत्त्वावर भाषण केले. चिमण्यांच्या डोळ्यांत पाणी आले. फक्त त्या पिसाऱ्याच्या मागे काय चालले आहे ते मोराला दिसेना, आणि तेवढ्यात रानगव्यांनी दोनदा पाळी लावून घेतली. दुसरा दिवस माकडाचा. त्याने आदल्या संध्याकाळीच प्रत्येकाला बाजूला घेऊन कानात सांगितले होते, "तुझा पहिला नंबर. कुणाला बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी सगळे पहिले नंबर एकदम आले. त्या रेटारेटीत एका साळिंदराचे काटे अकरा जणांच्या अंगात घुसले. माकड तोवर झाडाच्या शेंड्यावर पोचले होते.

दोन्ही दिवस कोल्हा काठावर बसून गालातल्या गालात हसत होता. त्याला वाटले, आता बाईंनी फक्त आपले नाव उच्चारायचे बाकी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळची पाळी त्याने अशी चोख चालवली की बघत राहावे. टिटवी दोन घोट जास्त घ्यायला वाकली, तर हा ओरडला, "नियम नऊ!" टिटवी दचकून उडालीच. दुपारी खुरवाल्यांची रांग लागली आणि तिथे वाद पेटला.

"कारभारी, इकडे बघा!" एक हरिणी पुढे आली. तिच्या पायाशी चार दिवसांचे पाडस होते. "ह्या रानडुकरांनी आजपण काठ उकरलाय. सगळं पाणी राड. आमच्या लेकरांनी चिखल प्यायचा का?"

"उकरणार नाही तर काय!" कळपातला थोरला डुक्कर गुरगुरला. "नाक कशाला दिलंय देवानं? वास घ्यायला फक्त?"

कोल्ह्याचे डोळे चमकले. वर्षभर ज्याची वाट पाहिली ती तक्रार आपल्या पायांनी चालत आली होती. तो दगडावर चढला. "सुनावणी! नियम त्रेसष्टप्रमाणे निकाल लागेपर्यंत डोहाला कुणी तोंड लावायचं नाही. पहिला साक्षीदार?"

एक भेकर भीत भीत पुढे आले.

"काठ उकरताना तू पाहिलंस?"

"पाहिलं की."

"उजव्या पायानं की डाव्या?"

"साहेब, ते नाकानं उकरतात."

सगळे फिदीफिदी हसले. कोल्हा म्हणाला, "विचारलं तेवढंच सांग!" मग उलटतपासणी झाली. मग काठाची पाहणी. मग खड्डे मोजले. ते चौदा भरले, डुकरांनी नऊच कबूल केले, म्हणून पुन्हा मोजले. दारात गिऱ्हाईक ताटकळलेले असताना तराजू घासत बसणाऱ्या दुकानदारासारखे कोल्ह्याचे झाले होते. तराजू लखलखीत, गिऱ्हाईक घामाघूम. पण कोल्ह्याला त्याचा पत्ता नव्हता. मनातल्या मनात तो निकालाची वाक्ये जुळवत होता आणि एकेक वाक्य असे सुरेख जमत होते की त्याला स्वतःचेच कौतुक वाटत होते.

दहावा साक्षीदार झाला, अकरावा झाला. ऊन कलले. हरिणी पुन्हा पुढे आली, पण आता तिचा आवाज खाली आला होता.

"साहेब, माझी तक्रार मी मागं घेते."

"तशी घेता येत नाही. नियम चौसष्ट..."

"निकाल माझ्या बाजूनं लागला तरी पाणी कधी मिळणार ते सांगा. हे बघा ना."

कोल्ह्याने पहिल्यांदाच खाली पाहिले. पाडसाने दगडावर मान टाकली होती. जीभ बाहेर, डोळे मिटलेले. कोल्ह्याने रांगेकडे पाहिले. नीलगायी, चितळे, भेकरे, सगळ्यांचे ओठ कोरडे. त्याने टेकडीकडे पाहिले. सूर्य हातभर वर उरला होता. तेवढ्यात लांबून बिबट्याचा खोकल्यासारखा आवाज आला आणि सगळी रांग शहारली.

कोल्ह्याने मनात हिशेब केला. दोन साक्षीदार उरले होते. तेवढे झाले की निकाल बिनचूक! पण तो ऐकायला इथे कोण उरणार? आणि मध्येच थांबावे, तर दिवस फुकट घालवला हे आपल्याच तोंडाने कबूल करण्यासारखे. बाई समोर उभ्या, मोर आणि माकड टक लावून बसलेले, आणि तिकडे टेकडीवर आई वाट बघत असणार.

तो दगडावरून खाली उतरला.

"सुनावणी तहकूब," तो म्हणाला. मग घसा खाकरून जरा मोठ्याने बोलला. "चूक माझी आहे. तुमचं भांडण घोटभर पाण्याचं होतं, मी त्याचा सोहळा मांडला. ताई, पाडसाला आधी पाणी पाजा."

"अरेरे, वकीलसाहेब!" माकड वरून किंचाळले. "आणि त्रेसष्ट नंबरचा नियम?"

"मोडला. मी मोडला. त्याचा जाब मी देईन, तू खाली ये, काम आहे."

पाडस दोन घोट प्यायले आणि कान हलवू लागले. पण रांग मोठी, पाणी गढूळ आणि वेळ थोडा. कोल्हा थोरल्या डुकरापाशी गेला. दिवसभरात त्याने पन्नास प्रश्न विचारले होते, पण त्या सगळ्यांची उत्तरे त्याला आधीच ठाऊक होती. हा पहिला प्रश्न असा होता, ज्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

"दादा, एक सांगा. तुम्ही काठच का उकरता?"

डुक्कर गोंधळला. इतके सरळ त्याला कधी कुणी विचारलेच नव्हते. "आत गार ओल लागते हो. त्यात लोळलं की अंगाची आग थांबते. तसं म्हटलं तर वरच्या अंगाला नदीची वाळू आहे ना, तिथं आणखी बरं. नाकभर उकरलं की पाणी पाझरतं. पण रांग सोडून तिकडं गेलो तर पाळी जाते आमची."

"पाळी कुठं जात नाही. चला! सगळा कळप घेऊन चला."

मग काय! बारा डुकरे वाळूत भिडली. नाके खाली, शेपट्या वर. हरिणे मागच्या पायांनी वाळू बाजूला सारू लागली. थोरला डुक्कर ओरडला, "ओ ताई, वाळू माझ्या डोळ्यात नको!" हरिणी म्हणाली, "दुपारी आम्ही चिखल पाहिला, आता तुम्ही वाळू बघा." आणि दोघेही हसले. बघता बघता सात झिरे लागले, आणि त्यांत थंड, नितळ पाणी हळूहळू चढू लागले.

"माकडभाऊ, तू सगळ्यांना ओळखतोस. वर बस आणि कोण प्यायचं राहिलंय ते सांगत राहा. मोरा, तुझा आवाज साऱ्या रानात जातो. कंटाळून परत फिरलेत त्यांना बोलाव."

"भाषण करू?" मोराने उत्साहाने विचारले.

"नको रे बाबा! नुसती हाक मार."

सात ठिकाणी रांगा लागल्या. तरीही निम्मे जण राहिले होते आणि सूर्य टेकडीला टेकला. करवंदीच्या जाळीपाशी बिबट्या आणि तरस येऊन उभे राहिले. वाघ येईपर्यंत ते पुढे होणार नव्हते. कोल्ह्याने एकदा रांगेकडे पाहिले आणि तो वाघाच्या वाटेने एकटाच चालत निघाला.

वाघ समोरून डुलत डुलत आला. वाटेत मधोमध कोल्हा बघून थबकला.

"काय रे?"

"आज जरा थांबावं लागेल, महाराज. खुरवाल्यांचं पाणी व्हायचंय."

"माझी पाळी सुरू झाली आहे."

"झाली आहे."

"मग मी थांबावं, हा कितवा नियम?"

कोल्ह्याने एकशे बारा नियम मनात चाळून पाहिले. "नियम नाही, महाराज. विनंती आहे. उशीर त्यांच्यामुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला. दुपारभर मीच बोलत बसलो. राग काढायचा तर माझ्यावर काढा, त्यांना पिऊ द्या."

वाघाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"माझ्यापुढं येऊन दुसऱ्याची चूक सांगणारे रोज भेटतात," वाघ म्हणाला आणि वाटेतच पाय पसरून बसला. "स्वतःची घेऊन आलेला तूच पहिला. बस इथं. सगळ्यांचं झालं की सांग. आणि शेपटी जरा तिकडं घे, नाकात केस जातात."

कोल्हा बसला. खालच्या वाळूकडून माकडाचा आवाज येत राहिला, "नीलगायींचं झालं! भेकरांची दोन राहिली! झाली! सगळे झाले!" शेवटचे खूर झाडीत दिसेनासे झाले तेव्हा कोल्हा उठला आणि वाघाला वाट दिली. सगळे नखवाले पिऊन गेल्यावर मग तो झिऱ्यापाशी गेला. त्याला तेव्हा आठवले की सकाळपासून आपल्याही पोटात थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी जांभळाखाली तिघे बसले होते. कोल्हा मान खाली घालून म्हणाला, "बाई, माझा दिवस वाया गेला. निकाल दिला नाही, नियम मोडला, वाघमहाराजांना वाटेत बसवलं. आईला काय सांगू, तेच कळत नाही."

बाईंनी सोंड उचलली, काही बोलणार तोच झाडीतून थोरला डुक्कर आणि हरिणी तावातावाने भांडत आले. कोणता झिरा कुणाचा, यावरून जुंपली होती. दोघे मोराच्या पुढून गेले, माकडाच्या पुढून गेले, बाईंनाही ओलांडून गेले आणि थेट कोल्ह्यासमोर थांबले.

"कारभारी, जरा चला बघू!" हरिणी म्हणाली. "ह्यांना काहीतरी सांगा."

कोल्ह्याने मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते. "कोणाला म्हणताय?"

"घ्या!" डुक्कर म्हणाला. "तुम्हालाच की! दुसरं कोण आहे इथं?"

माकडाने तोंडावर हात ठेवला. मोराचा पिसारा आपोआप मिटला. कोल्ह्याने घाबरून बाईंकडे पाहिले.

"माझ्याकडं काय बघतोस?" बाई म्हणाल्या. त्यांचे बारीक डोळे हसत होते. "निवड झाली. मला काही करायला उरलंच नाही. जा, ऊन चढायच्या आत त्यांचं ऐकून घे."

कोल्हा उठला आणि दोघांच्या मधून चालू लागला. वाटेत त्याने आधी हरिणीचे ऐकले, मग डुकराचे.

तात्पर्य : कारभार शिकणाऱ्याने नियम जरूर पाठ करावेत, पण ज्यांच्यासाठी ते नियम आहेत त्यांचे तोंड सुकले आहे का, हे आधी पाहावे. चूक झाली तर ती सगळ्यांदेखत आपली म्हणावी आणि तिचा राग सोसायला स्वतः पुढे जावे. अशाला पद कुणी द्यावे लागत नाही, लोक आपणहून त्याच्या दारी येतात.