मास्तरांच्या अंगावरची माती

धोंडपारगावच्या फाट्यावर एसटीतून उतरलात की डाव्या हाताला गाव आणि उजव्या हाताला नुसता काळा खडक. त्या खडकावर बाभळसुद्धा रुजत नाही, पण आमचं चर्च तिथंच उभं आहे. आम्ही त्याला देऊळच म्हणतो. सत्तर माणसं आत बसली की एकाहत्तराव्याला दुसऱ्याच्या गुडघ्यावर बसावं लागतं, आणि आजवर एकाहत्तरावा परत गेलेला नाही.

आत आलेला पाहुणा पहिल्यांदा बुचकळ्यात पडतो. समोर मधोमध जिथं वेदी असायची, तिथं आड आहे. वेदीचं मेज बिचारं कोपऱ्यात सरकून उभं आहे, सून आल्यावर सासूनं सरकावं तसं. आडही गोल नाही. लांबट आहे. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद. माप घेऊन काही जण माझ्याकडं बघतात, मी छताकडं बघतो. मग मागच्या दारानं त्यांना बाहेर नेतो. तिथं उघड्या कातळावर मातीचा ढिगारा आहे, पुरुषभर उंच. लाल, पिवळी, पांढरी, काळीभोर, अशा नाना तऱ्हेच्या मातीचा. आसपास कोसभर खणलं तरी टोपलीभर माती निघायची नाही, आणि इथं हा ढीग.

तर ऐका. यातलं काही माझ्या आजीनं सांगितलेलं, काही तिच्या सासूनं, आणि थोडं माझं. माझं कुठलं ते ओळखायचं काम तुमचं.

संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालच्या दुष्काळातली गोष्ट, असं सांगतात. तेव्हा इथं ख्रिस्ती मंडळीची अकरा घरं होती. देऊळ म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर धाबं. साहेब पाळक वर्षाकाठी एकदा घोड्यावरून येई. बाकी बाप्तिस्म्यापासून मर्तिकापर्यंत सगळं कोंडाजी मास्तर बघत. हे मास्तर म्हणजे शाळा शिकवणारे, उपदेश करणारे, आणि वेळ पडली तर दुसऱ्याची म्हैस व्यायला मदत करणारे. त्यांची बायको साळूबाई भजनं उचलून धरायची. तिनं सूर लावला की ओढ्यापलीकडची गुरं चरायची थांबत, म्हणे. गुरं तेव्हा शिल्लक किती होती हे विचारू नका.

त्या साली रस्त्यानं माणसांची रांग लागली होती. बालाघाटाकडची, निजामाच्या मोगलाईतली माणसं खडी फोडायच्या कामावर चालली होती. मास्तर देवळाच्या दारात बसत आणि जो दिसेल त्याला म्हणत, "या, टेका." कुठला, कुणाचा, नाव काय, काही विचारत नसत. मडक्यात असेल तर घोटभर पाणी देत, नसेल तर सावली देत.

मंडळीत कुरबुर झालीच. मास्तरांचा चुलतभाऊ लिंबाजी पहारीचं काम करणारा, तोंडानं फटकळ. तो म्हणाला, "मास्तर, आपल्या पोरांस्नी घोटभर न्हाई, अन् तुमी सारं रान गोळा करता."

मास्तर म्हणाले, "लिंबा, देवळाला दार कशापायी ठिवलं? कुनाला आत घ्यायचंच नसतं तर तिथंबी भिंत घातली असती की."

लिंबाजीनं मडकं मात्र झाकून ठेवलं.

पुढं एक वाटसरू पटकी घेऊन आला. जुलाब, उलट्या, डोळे खोबणीत गेलेले. मास्तरांनी त्याला गावापासून लांब, खडकावरच्या झापात ठेवलं, आणि तिथंच राहून त्याची उस्तवार केली. तो बरा झाला, उठून चालता झाला. पुढच्या गावात त्याचं लग्नही लागलं असं मी सांगत असतो, कारण त्याचं काहीतरी चांगलं व्हायलाच पाहिजे होतं. मास्तर मात्र दोन दिवसांत गेले. वैशाखातली सकाळ होती. दिवस वर यायच्या आतच खडकावर पाय ठेववत नव्हता.

अडचण इथून सुरू होते. मंडळीची माणसं ओढ्याकाठच्या एका कोपऱ्यात पुरायची. तेवढीच काय ती खणता येणारी जागा, आणि तीही पाटलाच्या मर्जीची. पाटील काठी आडवी धरून उभा राहिला. "पटकीचं मढं हितं न्हाई. ओढ्यात झिरं खणल्यात, त्येच्यावर गाव जगतंय. एकाला जागा देऊन शंभर मारू काय?"

आजी म्हणायची, पाटील दुष्ट नव्हता, भ्यालेला होता. पण दारात मढं असलं की हा फरक कुणाला दिसतो?

जाळावं, तर मंडळीच्या मनाला पटेना. मास्तरांनीच तर त्यांना शिकवलं होतं, की मेलेला मातीत बी पडल्यासारखा पडतो आणि उठतो. मग लिंबाजीनं चार माणसं घेतली आणि खडकावर पहार घातली. पहिला खड्डा वीतभर गेला आणि खालून ठणका आला. दुसरा चार बोटं. तिसऱ्यात पहारीचं टोक वाकलं. चौथ्यात लिंबाजी खाली बसला आणि कातळावर तळहात आपटून रडला. त्याआधी तो रडताना कुणी पाहिला नव्हता.

कुणीतरी म्हणालं, "वैनी, वरून दगुड रचू या. कोल्ही तरी यायची न्हाईत."

देवळाच्या मागल्या सावलीत साळूबाई मास्तरांच्या उशाशी बसली होती. निंबाच्या डहाळीनं माश्या वारत होती. ती म्हणाली, "दगुड नको. जलमभर दगुडच पडले ह्यांच्या अंगावर. माती पायजे." आणि सगळ्यांदेखत तिनं शपथ घेतली, की ह्यांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत माती पडल्याशिवाय माझ्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरायचा नाही.

अशी शपथ वैशाखात घेऊ नये. पण घेतली.

तेव्हा लिंबाजीला आठवलं. देऊळ बांधताना मधली जमीन चोपायला बसले तर तिथं आवाज बद्द यायचा. खाली मुरूम असणार. देवाच्या घराची भुई उकरायची म्हणताच दोघं-तिघं म्हातारे आडवे पडले. साळूबाई म्हणाली, "ह्ये समद्यास्नी आत घेत व्हते. आता त्यांनाच भाईर ठिवता?" म्हातारे बाजूला झाले. वेदीचं मेज कोपऱ्यात सरकवलं, आणि माणसाच्या मापाची रेघ ओढून खणायला सुरुवात झाली.

मुरूम लागला. गुडघाभर गेले, कमरेभर गेले. मंडळीच्या जिवात जीव आला. छातीएवढं खोल गेल्यावर लिंबाजीच्या पायाला गार लागलं. त्यानं वाकून हात लावला. बोटं ओली झाली. बघता बघता घोट्यापर्यंत पाणी आलं.

आता तुम्ही म्हणाल, लोक नाचले असतील. नाही, पाहुणे. लोकांनी कपाळाला हात लावला. दिवसभरातली ही पाचवी कबर, आणि तीही मास्तरांना घ्यायला तयार नाही! त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. लिंबाजी ओरडला, "उपसा!" आणि त्या अकरा घरांच्या माणसांनी, ज्यांनी तीन दिवसांत पोटभर पाणी बघितलं नव्हतं, ओळीनं उभं राहून कबर कोरडी करायला पाणी उपसलं आणि दारातून बाहेर खडकावर फेकलं. मडक्यांनी, परातीनं, प्रभुभोजनाच्या पेल्यानंसुद्धा. ओठ फुटलेले, जिभा कोरड्या, आणि हातातून पाणी चाललेलं. तासभर हे चाललं असं आजी सांगायची. मी दोन तास सांगतो. खरं तर एक घटकाही पुष्कळ झाली.

रस्त्यानं चाललेली एक बाई ते बघून थांबली. तिच्या कडेवर पोर होतं, त्याची मान लुळी पडलेली. तिनं पोर खाली ठेवलं, स्वतः खडकावर आडवी झाली, आणि खळग्यात साचलेलं पाणी जिभेनं चाटायला लागली. मग तोंडात धरून पोराच्या तोंडात सोडलं.

लिंबाजी पेला भरून दारात आला होता. त्याचा हात वरच राहिला. आत सगळे थांबले. खड्ड्यात पाणी झुळझुळत वर येत होतं, तेवढाच आवाज.

सगळ्यांनी साळूबाईकडं बघितलं. कारण निवाडा तिचा होता. या खड्ड्यात मास्तरांना ठेवलं तर पाणी गेलं. पाणी ठेवलं तर मास्तर उघडे, आणि तिची शपथ तशीच. सकाळपासून तिनंही काही प्यायलं नव्हतं. तिनं मास्तरांच्या चेहऱ्यावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "त्या बाईला आत घ्या. ही जागा ह्यांची न्हाई."

बाई आत आली, पोटभर प्यायली, पोराला पाजलं. तिचं नाव कुणी विचारलं नाही, म्हणून मलाही ते सांगता येत नाही. प्यायल्यावर तिला कळेना की द्यावं काय. तिच्या पदराला गाठ होती. गाठीत रानातली मूठभर माती, गाव सोडताना बांधून घेतलेली. परत जायचं झालं तर त्याच मातीत पाय ठेवायचा म्हणून. मागल्या बाजूला सावलीत मास्तरांना कातळावर ठेवलं होतं. तिनं गाठ सोडली आणि ती माती त्यांच्या कपाळावर घातली.

साळूबाईनं तिचे हात धरले. मग ती दारात जाऊन बसली आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला म्हणायला लागली, "या, टेका. पानी प्या. जमलं तर ह्यांच्या अंगावर मूठभर माती घाला."

संध्याकाळपर्यंत छाती झाकली. कुणी पदरातली घातली, कुणी धोतराच्या सोग्यातली, कुणी दोन कोस मागं जाऊन आणली. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं लांबून बघत उभी राहिली. ओढ्यातले झिरे आटले होते. पण त्या देवळात पाय ठेवायचा म्हणजे विटाळ, आणि पाणीही कबरीतलं. दुपारी एक कुंभारीण आली, डोक्यावर तिच्या आव्याजवळची तांबडी माती घेऊन. तिच्या मागं तेलीण आली. मग गाव आलं. काल ज्या गावानं दोन हात जागा दिली नाही, ते आज टोपल्यांनी जागा आणून देत होतं.

तिकडं साळूबाईचे ओठ काळे पडत चालले होते. मंडळी पाया पडली, शपथ मोड म्हणाली. ती पायांकडं बोट दाखवायची. मास्तरांची पावलं अजून उघडी होती. माती वरून घसरायची, कातळावर ठरायची नाही. तिसऱ्या दिवशी ती आडवी झाली. डोळे उघडे, पण ओळख नाही. माणसं यायची थांबली होती, कारण ज्यांना यायचं होतं ते येऊन गेले होते. एकच घर उरलं होतं.

पाटील भर उन्हात आला, बोडक्या डोक्यानं. पागोटं सोडून त्यात माती बांधली होती, ती पाठीवर. ओढ्याकाठच्या त्याच कोपऱ्यातली माती. एकट्यानं खणली होती. नखं फुटली होती.

लिंबाजी दारात आडवा झाला. "का पाटील? परवा जागा देईना, आज उचलून आनली?"

पाटील म्हणाला, "नातू घोटभरासाठी तडफडतोय रं. सर बाजूला."

लिंबाजी सरला नसता. आतून खण्ण असा आवाज आला. साळूबाईनं हातातल्या कड्यानं भुईवर ठोकलं होतं. लिंबाजी सरला.

पाटलानं मागं जाऊन पागोटं सोडलं आणि माती मास्तरांच्या पावलांवर घातली. हातानं थापली, बसवली. ती ओढ्याकाठची चिकण माती, घसरली नाही. मग आडाशी आला. लिंबाजीनं पेला भरला आणि वहिनीच्या तोंडाशी नेला. तिनं मान फिरवली आणि डोळ्यांनी पाटलाकडं दाखवलं. पाहुणा आधी. पाटलानं पेला दोन्ही हातांनी घेतला, एक घोट घेतला, आणि उरलेलं लोट्यात घेऊन नातवाकडं पळाला. पळताना तो बोडक्या डोक्यानं मोठ्यानं रडत होता, असं ज्यांनी पाहिलं ते सांगत.

मग साळूबाईला पाजलं. पहिला घोट बाहेर आला. दुसराही. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब सोडत रात्र काढली, तेव्हा कुठं गिळलं. ती वाचली, आणखी एकवीस वर्षं जगली. पण गळा गेला तो गेलाच. भजन सुरू झालं की ओठ हलायचे, आवाज नसायचा. नव्या माणसाला "या, टेका"सुद्धा तिला म्हणता येईना, माती घाला म्हणून सांगता येईना. मग कुणी दारात आलं की ती हसायची, आणि त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बोट करायची. माणूस बिचारा ओशाळून वहाणा काढायचा. ती त्या वहाणा उचलायची, मागं न्यायची, आणि मास्तरांच्या ढिगावर झाडायची.

आजही देवळात नवा माणूस आला की उपासना थांबते. आधी त्याला आडाचं पाणी. तो प्यायल्याशिवाय मंडळीतलं कुणी पीत नाही. मग मागं जाऊन चपला झाडायच्या. मागच्या वर्षी आलेल्या तरुण पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, "काका, शास्त्रात शिष्य पायांची धूळ झाडतात ती जिथं त्यांचा स्वीकार होत नाही तिथं. तुम्ही उलटंच करता." मी म्हटलं, "साहेब, तुमची झाडून झाली का?" ते लाजले आणि बूट काढायला बसले. नाड्या होत्या, वेळ लागला. सगळी मंडळी थांबली.

पावसाळ्यात निम्मा ढीग वाहून जातो. मास्तरांची पावलं उघडी पडतील की काय, अशी आम्हाला दर श्रावणात धास्ती वाटते. पाटलांच्या घरचं कुणीतरी अजून दर वर्षी ओढ्याकाठची पाटीभर चिकण आणून टाकतं, काही न बोलता. पण ती पुरत नाही. ऊन फार आहे हो. या, टेका. पाणी काढलंय. आणि त्या चपला काढा पायातल्या.