बिनमुजऱ्याचा कडा

मघाशी तुम्ही हात जोडलेत, ताई, आणि मी वळूनसुद्धा बघितलं नाही. राग आला असेल. येऊ दे, तुमच्याआधी पुष्कळांना आलाय. या कड्यावर ज्याच्या हातात दोर असतो तो कुणाला नमस्कार करत नाही, रामराम घालत नाही. पाठ करून उभा राहतो. आता जेवणाची सुट्टी झाली, दोर गुंडाळून ठेवलाय, म्हणून बोलतोय. बसा. चहा येईल तेव्हा येईल.

आमचं गारमाळ गाव तुम्हाला आवडलं म्हणता. सगळ्यांनाच आवडतं. उन्हाळ्यात तळ्यात होड्या, पावसाळ्यात धबधब्यातून दोरानं उतरायचं, थंडीत पठारावर तंबू ठोकायचे. बारा महिने लोक मजा करायला येतात आणि आम्ही बारा महिने त्यांचे दोर धरतो. माझं नाव सावळेराम मेंगाळ, जातीनं ठाकर. एकोणतीस वर्षं या कामात आहे.

हा शिंगासारखा वर आलेला दगड बघा. त्याच्या बुडाला हात लावा. बोट बसेल एवढ्या खोबणी लागतील. लोखंडी कड्या आत्ता आल्या. या खोबणी आमच्या जुन्या लोकांच्या दोरांनी पाडल्यात.

तेव्हा इथं गाव नव्हतं. वीसेक झोपड्यांची ठाकरवाडी होती. या कड्याला आग्या मोहोळाची चाळीस-चाळीस पोळी लागायची म्हणे. आमचे लोक दोराला लटकून, धूर करून मध काढायचे. त्यात एक नियम कडक होता. दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. सख्ख्या भावाचं मन जमिनीवरून फिरू शकतं, मित्राचं तर कशावरूनही. पण मेहुणा आपल्या बहिणीचं कुंकू हातानं पुसणार नाही. असा हिशोब होता, आणि तो कधी चुकला नव्हता.

गेणू नावाचा माणूस उतरायचा. त्याची बायको ठकी. ठकीचा थोरला भाऊ हैबत दोर धरायचा. या दगडाला दोराचा एक वेढा द्यायचा आणि दोन्ही हातांनी सोडायचा, ओढायचा. एक हात निघाला तर दुसऱ्याच्यानं माणूस तोलवत नाही.

हैबत लहान असतानाच या डोंगराची हवा एका जहागीरदाराला मानवली होती. त्याचं नाव आम्ही घेत नाही. आधी तो उन्हाळ्यापुरता यायचा, पुढं बारा महिने पाहुणे घेऊन यायला लागला. शिकार झाली, घोडे झाले, आणि मग त्याला कंटाळा आला. एकदा त्यानं गेणूला मध काढताना बघितलं. तेव्हापासून पाहुणे आले की हुकूम यायचा, माणूस सोडा कड्यावरून. मध असो नसो. थंडीत कपारीतलं घरटं आणा, पावसाळ्यात फुलं आणा. रान त्याचं, झोपड्यांखालची जमीन त्याची. नाही कोण म्हणणार?

आणि त्याला मुजरा लागायचा. दिसला की तीन वेळा, कमरेत वाकून. हैबतच्या बापाच्या डोक्यावर एकदा लाकडाची मोळी होती, म्हणून त्याचा मुजरा राहिला. त्याला वाडीसमोर झाडाला बांधून फटके मारले. हैबत तेव्हा सात वर्षांचा होता, पुढं उभा राहून बघत होता. त्यानंतर पायातल्या जोड्यांचा आवाज आला की हैबतचा हात आपोआप कपाळाला जायचा, असं सांगतात. झोपेत सुद्धा जायचा म्हणे.

श्रावणात एकदा पाहुण्यांच्या बायकांना कळलावीची फुलं हवी झाली. खाली त्या पट्टीवर आजही फुलतात ती, लाल-पिवळी. पाऊस लागला होता, दगड शेवाळलेला. ठकीला ते पटत नव्हतं. ती भावाला म्हणाली, "दादा, तू धरतोस म्हणून मी गप हाय."

हैबत म्हणाला, "दोर माज्या हातात हाय, ठके. तू भाकरी टाक. दाजी आन् मी आलोच."

जहागीरदार समोरच्या टेकाडावर खुर्च्या मांडून बसला होता. तिथून सगळं दिसतं. गेणू उतरला, फुलं घेतली, कमरेला खोचली, दोराला दोन हिसके दिले. हैबत ओढायला लागला. अर्ध्यावर आणलं असेल. मधेच जहागीरदाराला काय वाटलं देव जाणे, जवळून बघू म्हणून तो पाहुण्यांना घेऊन उठला होता, तो तेवढ्यात मागच्या वाटेनं वर आला. हैबतच्या पाठीशी जोडे वाजले.

हैबत वळला. वाकला. उजवा हात कपाळाला गेला.

पहिला मुजरा पुरा झाला नाही तोवर दोर सुटला होता. त्यानं झेप घालून धरला, पण ओला दोर थांबतोय कुठला. तळहाताची कातडी सोलून गेली, आणि गेणूही गेला. खालून आवाज आला नाही म्हणतात. पाऊस होता ना.

इथं माणसानं काय करावं? जहागीरदारानं खाली डोकावून बघितलं आणि पाहुण्यांना म्हणाला, "माणूस मोठा अदबीचा आहे." खांद्यावरचा शेला काढून त्यानं हैबतला दिला. आणि हैबतनं तो घेतला. रक्ताच्या हातांनी, वाकून घेतला. हे सांगताना माझं तोंड कडू होतं, ताई, पण गाळून सांगणार नाही.

तो वाडीत आला तेव्हा ठकी दारात होती. भावाच्या खांद्यावर भारी शेला बघून ती हसली. म्हणाली, "सरकार खूश झालं जनू. तुजं दाजी मागं ऱ्हायलं व्हय?"

तिला काय सांगितलं, कसं सांगितलं, ते कुणी सांगत नाही. ती रडली नाही म्हणतात. तशीच कड्यावर आली, खाली लोकांनी गेणूच्या कमरेचा सोडवलेला दोर वर ओढून घेतला, त्यावर हात ठेवून म्हणाली, "हितं पुन्यांदा कुनी कुनापुढं हात उचलायचा न्हाई. देव आला तरी." त्या सालापासून या कड्याला एक पोळं लागलेलं नाही. समोरच्या कड्याला लागतात, याला नाही. दुर्बीण लावून बघा हवं तर.

ठकीला दुसरं कुणी नव्हतं. भावाच्याच घरात राहिली. त्याला जेवायला वाढायची, त्याच्या हातांना पाला बांधायची. भाऊबीज आली की हैबत पाटावर बसायचा. ती ताट घेऊन यायची आणि खुंटीवरच्या दोराला ओवाळून परत जायची. बावीस वर्षं तो दर भाऊबीजेला पाटावर बसला, आणि बावीस वर्षं कोऱ्या कपाळानं उठला. तसाच मेला.

आजही आमच्या वाडीत बहीण आधी दोराला ओवाळते. मग भावाला विचारते, "राजा आला तर?" भावानं म्हणायचं, "पाठ करीन." मगच कुंकू लागतं. माझी बहीण अनसूया मला दरसाल विचारते, मी दरसाल सांगतो. म्हातारे झालो दोघंही, पण विचारते.

तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा उद्धट आहे. यंदाच्या पावसाळ्यात एक मुलगी खाली लटकली होती, तुमच्याच वयाची. मागं चार गाड्या थांबल्या, कुणी मोठा साहेब उतरला, आमचे मालक धावत आले आणि ओरडले, "मेंगाळ, साहेब आलेत." मी मान वळवली नाही. पण माझा उजवा हात दोरावरून निघाला, ताई. छातीपर्यंत आला होता. दोर हातभर सरकला. हल्ली दुसरा दोर असतो म्हणून निभावलं. मुलीला कळलंही नाही, वर आली आणि माझ्याबरोबर फोटो काढून गेली.

हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात भाऊबीज आहे. अनसूया विचारेल.