हौसाने चकती मोडली

एका नगरात हौसा नावाची कारागीर बाई राहत होती. नगराला राजा होता आणि वीजही होती. गोष्टीत राजा आला की दिवा तेलाचाच हवा, असं थोडंच आहे! हौसा चांदीच्या तारा करायची. पण ती तार ओढायची नाही, चक्क वाढवायची!

काय तिची करामत सांगू! ॲल्युमिनियमचा पत्रा आम्लात बुडवून वीज सोडली की त्यावर पांढरा थर चढतो. त्या थरात आपोआप भोकं पडतात, मधाच्या पोळ्यासारखी शेजारी शेजारी, आणि इतकी बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावावीत. हौसा त्या थराची चकती सोडवून घ्यायची, भोकं आरपार करायची आणि खालून सोन्याचा मुलामा द्यायची. मग चांदी विरघळवलेल्या पाण्यात चकती ठेवून हलकी वीज सोडायची. भोकांच्या तळापासून चांदी साचत साचत वर यायची. शेवटी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पांढरा थर विरघळला की उरायचं तारांचं रान!

एकदा नगरातल्या विहिरींत विष उतरलं. कोणत्या विहिरीत, ते कळेना. पोरं आजारी पडू लागली. लोक डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी वाहून आणून कसेबसे दिवस काढू लागले. राजवैद्यांनी विष ओळखणारं यंत्र केलं. थेंबात विष असलं की ते तारांना चिकटणार आणि काटा हलणार. पण त्यासाठी हौसाच्याच तारा हव्या होत्या.

"हौसा, आटप लवकर!" प्रधान दारात उभे राहून ओरडले. "लोकांचे घसे कोरडे पडलेत."

हौसालाही राहवेना. तिने वीज वाढवली. आणि काय आश्चर्य! बघता बघता चकती लखलखली. लोकांनी टाळ्या पिटल्या, ताशे वाजवले. राजाने गळ्यातला कंठा काढून तिच्यापुढे धरला.

हौसाचा हात पुढे गेला आणि थांबला. एवढ्यात भोकं भरतीलच कशी?

"महाराज, कंठा राहू द्या," ती म्हणाली. "मला ही चकती मोडून बघायची आहे."

"वेड लागलं का तुला?" प्रधान कडाडले. "एवढी झळकतेय, ती मोडतेस?"

हौसाने सगळ्यांदेखत चकतीचा कोपरा मोडला आणि सोड्यात टाकला. पांढरा थर विरघळला. उरली चांदीची नुसती साय आणि तिच्याखाली चार खुंट. घाईच्या विजेने मोजक्याच तारा धावत वर आल्या होत्या आणि पसरून बाकीच्या भोकांची तोंडं बुजवून बसल्या होत्या.

हौसाचं तोंड उतरलं. "घाई मी केली, चूक माझी," ती म्हणाली. "आणखी थोडे दिवस डोंगरावरचंच पाणी प्या."

लोक भडकले. कुणी घागरी आपटल्या, कुणी नाही नाही ते बोललं. हौसाला रडू आलं, पण तिने नवी चकती लावली आणि वीज अगदी मंद ठेवली.

रोज कुणी ना कुणी डोकावायचं. "अजून चमकत नाही का गं?"

"इतक्यात न चमको बाई!" हौसा म्हणायची.

अखेर चांदी काठाला आली. थर विरघळला. राजवैद्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ते लहान पोरासारखे ओरडले, "अहो, बघा तरी!" लाखो तारा, एकीला एक खेटून, ताठ उभ्या! नुसत्या डोळ्यांना मात्र सगळं काळपटच दिसत होतं.

यंत्र घेऊन सारं नगर निघालं. पहिला मान राजवाड्याच्या विहिरीचा. तिचं पाणी नितळ आणि गोड. थेंब पडला आणि काटा सर्रकन फिरला. विष!

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. "हौसा, त्या चमकणाऱ्या चकतीने हे सांगितलं असतं का?"

"नाही, महाराज. काटा हललाच नसता. आणि विहीर चांगली समजून आपण सगळे हेच पाणी पोटभर प्यायलो असतो."

तात्पर्य: घाईने वरवर चमक येते, पोकळी तशीच राहते; टाळ्या वाजत असताना जो स्वतःच्या कामातली पोकळी उघडून दाखवतो, त्याच्याच हाती जीव सोपवावा.