बगळे गुरुजी आणि चिचुंद्रीचे शेपूट

एका जंगलात दलदलीच्या मधोमध एक बेट होते आणि त्या बेटावर एक बगळा शाळा भरवत असे. शाळा कसली, मुलांनो, धडा एकच होता : दलदलीतून घरी जायची वाट. तो धडा नुसता पाठ म्हणायचा. "वठलेल्या झाडापासून वीस पावले, मग डावीकडे, मग काळा खडक." न अडखळता म्हणेल तो हुशार, बाकीचे ढ. पोपट हुशार ठरला, हे सांगायला नकोच. चिचुंद्रीला मात्र पहिल्या ओळीपुढे काही येत नसे. ती आपली जमिनीला नाक लावून कडेकडेने हुंगत फिरे. "नाक वर कर आणि झाडाकडे तोंड करून बस," असे बगळा म्हणे. बिचारी बसे. मला या गुरुजींचा रागच येतो.

एके दिवशी भर दुपारी धुके उतरले. स्वतःचे पाय दिसेनात. बेडूकही गप्प झाले. पंख भिजून जड झाले, त्यामुळे उडायची सोय राहिली नाही. "घाबरू नका, धडा म्हणा," बगळा म्हणाला. पोपटाने सुरुवात केली, "वठलेल्या झाडापासून वीस पावले..." तोच धुक्यातून पुढची ओळ आली, "मग डावीकडे." आवाज अगदी गुरुजींचा होता, आणि गुरुजी तर इथे चोच मिटून उभे होते. "गुरुजी पुढे गेले वाटतं," असे म्हणत पोपट झाड न शोधताच, उभा होता तिथूनच वीस पावले चालला आणि डावीकडे वळला. चिखलात बुडबुडा फुटल्यासारखे काहीतरी वाजले. मग धुक्यातून धडा दोन आवाजांत ऐकू येऊ लागला. एकही चूक नव्हती.

"गुरुजी, आता काय करायचं?" वर्गातल्या सशाने विचारले. बगळ्याजवळ दुसरा धडाच नव्हता. तेव्हा चिचुंद्री हळूच म्हणाली, "गुरुजी, मला पाठ येत नाही, पण वाट येते. मी रोज हुंगत येते ना. आमच्यात आई पुढे चालते आणि पिल्लं एकमेकांना मागून तोंडात धरून चालतात. तुम्ही माझं शेपूट धरा." बगळ्याने तिचे शेपूट चोचीत धरले आणि सशाने बगळ्याचे पीस. तिघे निघाले. वाटेत पोपटाच्या आवाजात हाक आली, "गुरुजी, मी इकडे आहे." बगळ्याला फार रडू आले. ओ द्यावी तर शेपूट सुटणार. त्याने चोच उघडली नाही. अशा रीतीने ते घरी पोचले.

तिसऱ्या दिवशी धुके विरले आणि शाळा भरली. पोपटाची जागा रिकामीच होती. कासवाचे एक नवे पिल्लू आले आणि भीत भीत धडा म्हणायला उभे राहिले. बगळ्याने त्याला थांबवले. "ते राहू दे," तो म्हणाला. "तुला वाट कशी कळते, ते आधी दाखव. मी तुझ्या मागून येतो."

तात्पर्य : आपला धडा ज्याला येत नाही त्याला काहीच कळत नाही, असे समजू नये. प्रत्येकाची कळण्याची रीत निराळी असते, आणि ती ओळखणे हे शिकवणाऱ्याचे पहिले काम आहे.