खंड्याच्या शाळेत ढोकरी

फार पूर्वी एका तळ्यावर पाखरांच्या शाळा भरत. शिकवणाऱ्यांनी अधूनमधून एकमेकांच्या शाळेत जाऊन शिकवणं बघत गप्प बसायचं, अशी तिथली रीत होती. मासे धरायला शिकवणाऱ्या खंड्याला ती मुळीच आवडत नसे. तळं आटत चाललं होतं, तरी त्याच्या एकाही पिल्लाला मासा धरता येत नव्हता. त्यात आज दुसऱ्या शाळेत शिकवणारी, बगळ्याच्या कुळातली ढोकरीताई येऊन बसली.

‘चुका काढायला आली असणार,’ असं मनाशी म्हणत खंड्याने अगदी उंच फांदीवरून झोकात सूर मारला. वर येऊन मासा गिळला आणि विचारलं, “कसा होता, ताई?”

“तुमचा सूर मी पाहिलाच नाही, भाऊ. मी पिल्लांकडे बघत होते. तुम्ही पाण्यात शिरलात की पाणी उडतं आणि सगळी डोळे मिटून घेतात.”

नेमका तेव्हाच खंड्या पाण्याखाली असे. त्याला ते दिसणार कसं?

दुसऱ्या दिवशी त्याने खालच्या फांदीवरून, पाणी न उडवता, हळूच सूर मारला. संध्याकाळपर्यंत पिल्लांतल्या धाकटीने पहिला मासा धरला.

पुढे ढोकरीच्या शाळेत बसायची पाळी खंड्यावर आली. तो आपणहून गेला आणि ढोकरीकडे पाठ, पिल्लांकडे तोंड करून बसला.